आपल्या हातचे शुभेच्छापत्र

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यांतून लगबग सुरू होते. पताका लागतात, वर्गणीची पुस्तके फिरतात, मुलांच्या भाषणांची तयारी सुरू होते. ११ एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, आणि मागोमाग वैशाखी पौर्णिमा. या दिवसांत मोबाइलवर शुभेच्छांचा नुसता पाऊस पडतो. एकच चित्र दहा जणांकडून येते. पाठवणाऱ्याने ते पुरते पाहिलेले नसते आणि घेणाराही पाहत नाही. बोटाने सरकवले की संपले.

आमचा मोबाइलला विरोध नाही. दूरच्या माणसाची खुशाली क्षणात कळते, ही काही थोडीथोडकी सोय नव्हे. पण वर्षातून एकदोन वेळा तरी, आपल्या जवळच्या दोन-चार माणसांसाठी, घरात बसून हाताने शुभेच्छापत्र करावे असे आम्ही सुचवतो. त्याला पैसा फारसा लागत नाही. एक सुटीचा दिवस, एक कागद आणि थोडी आस्था असली की भागते.

यावर आमच्या भगिनी विचारतील, दिवसभर राबून आलेल्या बाईने आता कागद कापत बसायचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, हे एकट्या आईचे काम नव्हे. कापणे, चिकटवणे, ठसे मारणे हे मुलांचे. घडी घालणे बाबांचे. आणि काय लिहायचे ते आजीने सांगायचे. आईने हात धुऊन शेवटी आपली एक ओळ लिहिली तरी पुरे.

छापील शुभेच्छापत्र आले कोठून, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि लोक भराभर पत्रे लिहू लागले. हेन्री कोल नावाचे एक कामाच्या गराड्यातले गृहस्थ होते. नाताळात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहायला त्यांना सवड होईना. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. मधोमध खाऊन-पिऊन आनंदात असलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देणारी माणसे, असे ते चित्र. उरलेल्या प्रती एक शिलिंगाला एक अशा विकल्या गेल्या. एक शिलिंग म्हणजे १२ पेनी. बारा पत्रांच्या टपालखर्चाइतकी किंमत! मजुराच्या घरी ते कार्ड कोठून येणार?

म्हणजे छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी वेळ वाचवण्यासाठी झाला. आजचा मोबाइलवरचा तयार संदेश हा त्याचाच नातू. वेळ वाचवायला आमची ना नाही, पण ज्याच्यासाठी आपण मुद्दाम वेळ काढला ते माणूस ओळखते.

दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची. चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावाला युनिसेफकडून मदत मिळाली होती. जित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभार मानण्यासाठी नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले. कागद मिळत नव्हता म्हणून तिने ते काचेवर रंगवले. १८४३ चे चित्र नामवंत चित्रकाराचे होते, हे एका लहान मुलीचे. पण १९४९ साली युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले ते याच चित्राचे. तेव्हा "आमच्याकडे सामान नाही" ही सबब मुलांना सांगू देऊ नका.

साहित्य

बाजारात आज पारदर्शक ठसे, नक्षी पाडणारे पंच, वाकडीतिकडी धार असलेल्या कात्र्या असे पुष्कळ काही मिळते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. आपण मात्र एक जाड कार्डशीट, पतंगी कागद, पोस्टर कलरच्या दोन बाटल्या, कात्री, पट्टी, शाई संपलेले बॉलपेन आणि मैद्याची खळ एवढ्यावर काम भागवू. खळ पातळ लावा. जाड लावली की कागदाला सुरकुत्या पडतात. चिकटवल्यावर कार्ड वहीत घालून वर पाट किंवा जड पुस्तके ठेवा. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच शिजवा.

कार्डशीट साधारण २२ बाय २८ इंचांचे येते. त्याचे ७ बाय ११ इंचांचे आठ तुकडे निघतात, आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की ७ बाय साडेपाच इंचांचे कार्ड होते. एका कागदात आठ कार्डे!

जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर फाटल्यासारखा दिसतो. आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने घडीची रेघ दाबून ओढा, मग दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घडी घासा. कागदालाही लाकडासारखा एक कल असतो. कापण्यापूर्वी शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने ते सहज वाकते त्या दिशेची घडी स्वच्छ बसते.

ठसे

स्वयंपाकघरातच निम्मे ठसे तयार असतात. भेंडी चिरताना देठाकडचा जो तुकडा आपण टाकतो तोच बोटभर ठेवून घ्या. रंगात बुडवून उमटवला की पाच पाकळ्यांचे फूल होते. कारल्याच्या चकतीचे झालरीचे फूल येते, अर्ध्या कांद्याची एकात एक कडी येतात. बटाट्यावर हवा तो आकार कोरता येतो, पण कापल्यावर तो फडक्याने कोरडा करा, नाहीतर रंग पाणचट उमटतो. बटाट्याचा ठसा एका दिवसाचा सोबती. दुसऱ्या दिवशी आक्रसतो. रंग बशीत ओतून त्यात ठसा बुडवू नका. स्पंजाचा किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा रंगाने ओलावून त्यावर ठसा टेकवा, म्हणजे ओघळ येत नाहीत. हळदीचा रंग मुलांना आवडतो, पण तो उन्हात उडतो हे लक्षात असू द्या.

टिकाऊ ठसा हवा असेल तर पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा मागून आणा. कात्रीने पान, चांदणी, पुस्तक असा आकार कापा आणि लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवा. असा ठसा नीट पुसून ठेवला तर वर्षानुवर्षे चालतो.

अक्षरांचा ठसा खोडरबरावर करता येतो. अडचण एकच, अक्षरे उलटी कोरावी लागतात. त्यावर सोपी युक्ती आहे. मऊ पेन्सिलने कागदावर ठळक अक्षरांत "जय भीम" लिहा. तो कागद रबरावर पालथा घालून पाठीमागून नखाने घासा. अक्षरे रबरावर आपोआप उलटी उमटतील. आता अक्षरांच्या भोवतालचे रबर ब्लेडने काढून टाका. ठसा मारला की अक्षरे सुलटी येतात. ब्लेडचे काम मोठ्यांनीच करावे.

पिंपळाच्या पानाला तर कोरायचेही कष्ट नाहीत. पानाच्या मागच्या बाजूला शिरा उठावदार असतात. त्या बाजूला पातळ रंग लावून पान कार्डावर ठेवा, वर वर्तमानपत्राचा कागद घालून तळव्याने दाबा. शिरांची सगळी जाळी उतरते.

कागदकाम

आठ आऱ्यांचे चक्र करण्यासाठी पतंगी कागदावर वाटी ठेवून गोल कापा. तो तीन वेळा निम्मा-निम्मा दुमडला की आठ भाग होतात. आता चौथ्यांदा दुमडा. या शेवटच्या घडीच्या बाजूने मधला एक त्रिकोणी तुकडा कापून काढा. टोक आणि गोल काठ शाबूत ठेवा, दुसऱ्या बाजूला कात्री लावू नका. उलगडून पाहा, आठ आऱ्या आणि आठ खिडक्या! कोणती आरी अष्टांगिक मार्गातल्या कोणत्या अंगाची, हे मुलांकडून म्हणून घ्यायला ही चांगली वेळ आहे.

कार्ड उघडताच चित्र उभे राहावे असे वाटत असेल तर तेही अवघड नाही. दुमडलेल्या कार्डाच्या घडीवर, पाऊण इंचाचे अंतर ठेवून, सव्वा इंच लांबीचे दोन सरळ काप द्या. कार्ड उघडून मधली पट्टी आतल्या बाजूला ढकला, म्हणजे एक पायरी तयार होते. पायरीच्या पुढच्या अंगाला पुस्तक, दिवा किंवा झाड कापून चिकटवा. चित्र चार इंचांहून उंच नको, नाहीतर कार्ड मिटल्यावर बाहेर डोकावते. कापलेले भोक दिसू नये म्हणून बाहेरून दुसरा कागद चिकटवावा. पायरीला मात्र खळ लागू देऊ नका.

आजीचा अंगठा

सगळ्यांत सोपा ठसा आपल्या हातालाच असतो. अंगठ्याला रंग लावून पाच वेळा गोलाकार टेकवला की फूल होते. दोन अंगठे तिरपे टेकवले की फुलपाखरू होते. तान्ह्या बाळाचाही ठसा असा घेता येतो. तेवढे रंग लगेच पुसा, बाळ बोट तोंडात घालते.

पण आपल्या घरांत अंगठ्याचा इतिहास एवढा गोड नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला. त्याने पुढे करार नाकारू नये, हा हेतू. आपल्या आजी-पणजींनी सावकाराच्या कागदावर, कचेरीत, पगाराच्या मस्टरवर अंगठे दिले. काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि कोणी वाचूनही दाखवत नव्हते. वर "अंगठेबहाद्दर" म्हणून हिणवणारे होतेच.

म्हणून आमची एक सूचना आहे. ज्या घरात लिहिता न येणारी आजी किंवा आजोबा असतील, त्या घरातले कार्ड त्यांनी सांगावे आणि नातवंडाने लिहावे. त्यांचे शब्द सुधारू नयेत. आजी "बरी हाय, काळजी करू नगं" म्हणाली तर तेच लिहावे. मग ते तिला दोनदा वाचून दाखवावे, तिने हो म्हटल्यावरच खाली तिच्या अंगठ्याचे फूल उमटवावे आणि शेजारी तिचे पूर्ण नाव लिहावे. परक्याने लिहिलेल्या कागदावर दिलेला अंगठा वेगळा आणि स्वतःच्या शब्दांखाली दिलेला अंगठा वेगळा. आणि नाव लिहिताना आजीने "मला दाव बरं माझं नाव" म्हटले तर कार्ड बाजूला ठेवून पाटी-पेन्सिल काढावी. फूल नंतरही काढता येईल.

काय लिहावे?

सजावट झाली की पुष्कळ जण अडतात ते इथेच. मग "हार्दिक शुभेच्छा" लिहून मोकळे होतात. त्याऐवजी दोनच वाक्ये लिहा. एक आठवणीचे आणि एक आजचे. कॉलेजची फी भरणाऱ्या मामाला: "मामा, त्या वर्षी तुम्ही फी भरलीत म्हणून माझे वर्ष वाचले. आता मी शेवटच्या वर्षाला आहे." रात्रपाळीच्या भावाला: "दादा, तू जयंतीला घरी नसतोस, तुझ्या वाटणीची खीर झाकून ठेवतो." सासरी गेलेल्या ताईला, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला, अक्षर वळवून देणाऱ्या गुरुजींना, रात्रंदिवस दवाखान्यात राबणाऱ्या शेजारच्या सिस्टरला अशी दोन वाक्ये कोणी लिहिलेली नसतात. घरात तोंडावर न बोललेले कितीतरी या दोन वाक्यांत बोलून होते.

पोस्टात टाकताना

पाकीट जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे करावे, कार्डापेक्षा चारही बाजूंनी थोडे मोठे. वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर पत्ता लिहावा. पत्ता मुलांकडूनच लिहून घ्या. पिनकोड १९७२ सालापासून आहे, पण स्वतःच्या घराचा सहा आकडी पिनकोड पाठ नसलेली मुले घरोघर सापडतील. साध्या पत्राचा वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. वर सांगितलेल्या मापाचे एकपदरी कार्ड पाकिटासह सहसा त्यात बसते. उभ्या चित्राच्या कार्डाला बाहेरून दुसरा कागद असतो, ते जास्त भरते. तेव्हा खिडकीवर वजन करून मगच तिकीट लावा. मणी, टिकल्या चिकटवू नका. पाकिटावर शिक्का बसला की फुटतात. आणि निदान आठवडाभर आधी टाका.

महिला मंडळाला किंवा विहारातल्या बालवर्गाला हे काम एकत्र करायचे असेल तर ओळीने बसा. एकीने घड्या घालाव्यात, दुसरीने ठसे मारावेत, तिसरीने चिकटवावे. एका दुपारी पन्नास कार्डे सहज होतात. आतला मजकूर मात्र ओळीत करू नका. तो ज्याचा त्याने, आपल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून लिहावा.

या सुटीच्या दिवशी भेंडीची भाजी करणार असाल तर देठे तेवढी टाकू नका.