हुकूम आधी, मंजुरी मागून

25 जून जवळ आला की ती तारीख एका पक्षाने दुसऱ्याच्या अंगावर फेकावी आणि दुसऱ्याने ती झटकून टाकावी, हा आता शिरस्ताच होऊन बसला आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारने तो दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केल्यापासून तर या वार्षिक कलहास राजमान्यताच लाभली. आणीबाणीचे स्मरण राहिलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या स्मरणातून केवळ एका घराण्याचा निषेध तेवढा निष्पन्न होतो आणि राज्ययंत्राची कोणती कळ त्या रात्री निसटली याचा उलगडा होत नाही, ते स्मरण निष्फळ होय.

12 जून 1975 रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी अलाहाबादेत इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्दबातल ठरविली, हा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे. विचार करावयाचा तो 25 जूनच्या रात्रीच्या काही तासांचा. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली, दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली, जयप्रकाश नारायण यांच्यासारख्या वृद्ध नेत्यास अटक झाली. आणि ज्या मंत्रिमंडळाच्या विचाराने हे सारे व्हावयाचे, त्यास दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पाचारण करून झाल्या गोष्टीस रुकार देण्यास सांगण्यात आले. त्या बैठकीतून एकही राजीनामा बाहेर पडला नाही.

या मौनाची किंमत देशाने एकवीस महिने मोजली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्षपदी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. जे धैर्य मंत्र्यांच्या पंक्तीत दिसले नाही, ते एका विदुषीने अधिकारपदाच्या आधाराविना दाखविले.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने त्या रात्रीचे मर्म नेमके ओळखले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये, ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणाऐवजी ‘सशस्त्र बंड’च असावे, संसदेने महिन्याच्या आत विशेष बहुमताने मंजुरी द्यावी, आणि जीविताचा हक्क कोणत्याही आणीबाणीत स्थगित होऊ नये, अशी ही तटबंदी आहे.

तथापि जे मंत्रिमंडळ सकाळी निमूटपणे रुकार देते, ते मागणी होताच रात्री लेखी संमतीही देईल. कायदा कागद मागू शकतो, कणा पुरवू शकत नाही. पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर ज्यांची उमेदवारी अवलंबून, ते सभासद श्रेष्ठींस अडवतील ही अपेक्षा भाबडी आहे, आणि हा दोष आज कोणत्याही एका पक्षाची मिरास राहिलेला नाही. म्हणून 25 जूनला निषेधसभा भरविणाऱ्या प्रत्येक पक्षास मतदारांनी एवढेच विचारावे, की आपल्या नेत्याच्या तोंडावर नकार देणारा एखादा मंत्री तुम्ही पदावर टिकू दिला आहे काय?