फोन टिकवणं हेच मोठं काम

जुने मेल पुसा, व्हिडिओ कमी बघा, पर्यावरण वाचेल, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. सल्ला वाईट नाही, पण त्याने मूळ दुखण्याला हात लागत नाही. फोनमुळे होणारं बहुतेक नुकसान तो आपल्या हाती येण्याआधीच झालेलं असतं. खाणीतून तांबं, कोबाल्ट, सोनं काढायचं, ते शुद्ध करायचं, चिप घडवायची. या सगळ्याला अफाट वीज आणि पाणी लागतं. अ‍ॅपलच्या स्वतःच्याच अहवालांनुसार आयफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनात निर्मितीचा वाटा सुमारे ८० टक्के आहे. चार्जिंगची वीज त्यापुढे किरकोळ. म्हणूनच चालता फोन लवकर बदलणं महागात पडतं.

माझा फोन दुपारीच मान टाकू लागला, तेव्हा सेवा केंद्रात ‘आता नवीनच घ्या’ असं ऐकायला मिळालं. मग फोन दुरुस्त करायला पुण्यातली तपकीर गल्ली गाठली. तिथल्या कारागिराने गरम हवेने मागचा गोंद सैल केला, पातळ पत्तीने काच अलगद उचलली, फुगलेली बॅटरी सोडवून नवी बसवली. म्हणाला, “बोर्ड एकदम ओके आहे दादा, अजून दोन-तीन वर्षं बघायला नको.” माझ्या लेखी हा माणूस पर्यावरणाचा खरा कार्यकर्ता आहे.

त्याच्यासारख्यांची गरज किती आहे पाहा. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला तो जेमतेम २२ टक्के. उरलेल्यातला बराच माल भंगारात जातो. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्यासाठी बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवले जातात आणि तो धूर गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या छातीत जातो.

पण कारागिराला सुटे भागच मिळाले नाहीत, तर तो तरी काय करणार? युरोपीय संघात जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवायचे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, पण अशी सक्ती अजून नाही. ती झालीच पाहिजे. तोवर नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: याची बॅटरी आणि स्क्रीन किती वर्षं मिळेल? गिऱ्हाईक हे विचारू लागलं, की कंपन्यांना उत्तर तयार ठेवावंच लागेल.