वारीतला पाऊस आणि गाडीतला दिवस

ज्येष्ठ महिना सरत आला की अनेक घरांत एकच प्रश्न घोळू लागतो : यंदा आजोबांना वारीला पाठवावे की नाही? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा अंतर असते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर. या वयात ते झेपेल का, अशी काळजी असते. माझ्या मते अंतर हा त्यातला सोपा भाग आहे. चाल संथ असते, वाटेत विसावे असतात, सोबत दिंडी असते. आयुष्यभर कष्ट केलेली सत्तरीची माणसे हे अंतर दरवर्षी पार करतात. वृद्धांची वारी अर्ध्यावर मोडते ती पुष्कळदा हवेमुळे, आणि हवेची तयारी मात्र एका छत्रीपलीकडे कोणी करत नाही.

या हवेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. वारी चालते चांद्र पंचांगाने, पाऊस येतो आपल्या वेळेने. २०२३ साली माउलींची पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली. त्या वर्षी मोसमी पाऊस लांबला होता, आणि वारकरी कित्येक दिवस कडक उन्हातच चालले. पुढच्याच वर्षी प्रस्थान २९ जूनला होते. म्हणून ‘गेल्या वर्षी काही त्रास झाला नाही’ हा अनुभव यंदा उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय वाटेवर दोन निरनिराळे प्रदेश लागतात. पुणे ते सासवड या भागात सरींचा मारा अधिक. नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरसकडे निघालो की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो. तिथे दुपारी उकाडा असतो आणि संध्याकाळी वावटळीसह अवचित सर येते. घरून निघतानाच या दोन्ही ऋतूंची तयारी हवी.

सर्वांत कठीण दिवस पुणे ते सासवडचा. सुमारे ३० किलोमीटरांची ही मजल, आणि तिच्या उत्तरार्धात दिवेघाटाचा चढ. इथे पालखीच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. चढताना अंग घामाने भिजते, वरून पाऊस भिजवतो, आणि माथ्यावर पोहोचताच वारा झोंबू लागतो. ओल्या कपड्यांतून शरीराची उष्णता कोरड्या कपड्यांपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. तरुण माणूस अशा वेळी कुडकुडतो, आणि कुडकुडण्यातून ऊब निर्माण होते. वृद्ध शरीरात ही क्रिया मंद होते. थंडीची जाणीवही उशिरा होते. थायरॉइडचे विकार, मधुमेह, झोपेच्या गोळ्या यांनी धोका आणखी वाढतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर ती वैद्यकीय आणीबाणी समजावी. त्यासाठी हिमालयातच जावे लागते असे नाही.

ही अवस्था ओळखण्यात खरी अडचण आहे, कारण ती थकव्यासारखी दिसते. आजोबा बोलेनासे होतात, जीभ जड होते, पाऊल अडखळते, पिशवीची गाठ सोडता येत नाही, विचारलेल्याचे भलतेच उत्तर येते. सोबतचे म्हणतात, ‘दमलेत, पडू द्या जरा.’ ओल्या कपड्यांत पडू देणे हेच घातक असते. प्रथम आडोसा आणि कोरडे कपडे. डोके आणि मान झाकणे. मग घोंगडी किंवा रजई. माणूस पूर्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर गोड, गरम चहा किंवा पेज द्यावी. हातपाय जोरजोराने चोळू नयेत, शेकोटीला अगदी चिकटून बसवू नये, कढत पाणी अंगावर घेऊ नये. बोलण्यात गोंधळ असेल तर क्षणाचाही विचार न करता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. कपड्यांचा एक संपूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खांद्यावरच्या झोळीत असावा. सामानाच्या गाडीत ठेवलेले कपडे घाटमाथ्यावर उपयोगाचे नाहीत. गाडी तळावर असते आणि माणूस वाटेत.

पायांचे दुखणे सावकाश येते, पण वारी थांबवणाऱ्या कारणांत त्याचा वाटा मोठा आहे. दिवसभर ओल्या राहिलेल्या पायाची कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि चपलेच्या पट्ट्याखाली सोलवटते. मधुमेहींना पायाची संवेदना कमी असल्याने फोड दिसतो, पण दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून ते चालत राहतात. प्रत्येक मुक्कामावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसावेत, आणि तळवा दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्यावा. फोड फोडू नये. पायावर लाली चढली, ऊब लागली, सूज आली किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जखमेवर हळद लावून पुढे निघण्याची सवय अनेकांना असते; ती इथे महागात पडते.

पाण्याबद्दल एक गोष्ट घरातल्या सुनांना व लेकींना सांगावीशी वाटते. पावसात तहान लागत नाही, हे खरे. परंतु अनेक वृद्ध स्त्रिया तहान लागूनही पाणी टाळतात, कारण आडोसा मिळेल की नाही याची खात्री नसते. दोन दिवस असे गेले, त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असली, आणि फलटणच्या पुढे ऊन तापले, की उठता-उठता भोवळ येते आणि चिखलात पाय घसरतो. अशा वयात कंबरेचे हाड मोडले तर तो प्रश्न एका वारीपुरता राहत नाही. आजी आदल्या मुक्कामावर किती पाणी प्यायल्या हे विचारायला संकोचू नये. या गोळ्यांची मात्रा प्रवासात बदलायची का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारावे. वाटेत स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये. गोळ्यांची पाकिटे ओल लागणार नाही अशा डबीत ठेवावीत.

आता गाडीविषयी. प्रत्येक मोठ्या दिंडीबरोबर सामानाची गाडी असते, आणि त्रास होऊ लागला तर वृद्धाने एक-दोन मजला त्यातून जावे, एवढे सरळ आहे. पण ते घडत नाही. ‘वारी खंडित झाली’ या भावनेने माणूस ताप लपवतो, फोड लपवतो, छातीतली धडधडही लपवतो. या भावनेची मी थट्टा करणार नाही. कोणाची वीस वर्षांची अखंड वारी असते आणि तिच्याशी काही नवस-बोल जोडलेले असतात. तरीही एक स्मरण द्यावेसे वाटते. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत प्रत्यक्ष पादुकाच एसटी बसने पंढरपूरकडे गेल्या. वारी तेव्हाही झाली, असेच संप्रदायाने मानले. पादुकांना चालते ते ताप आलेल्या सत्तरीच्या वारकऱ्याला का चालू नये?

ही गोष्ट घाटात भिजत असताना पटवता येत नाही. ती घरीच, निघण्याच्या आठवडाभर आधी बोलून ठरवावी : कोणती लक्षणे दिसली की गाडीत बसायचे, आणि त्या वेळी कोणाचा शब्द अखेरचा. तो शब्द मुलाचा नसावा; मुलगा पुण्यात किंवा मुंबईत असतो. दिंडीतल्या, आजोबांच्याच वयाच्या, ज्याचे ते ऐकतात अशा सोबत्याला आधी विश्वासात घ्यावे.

एक-दोन दिवस गाडीत काढल्यावर पुन्हा चालायचे असेल, तर पहिल्या दिवशी फक्त सकाळच्या विसाव्यापर्यंत चालावे आणि पुढे गाडी घ्यावी. पुण्यात आणि सासवडला पालखी मुक्कामाला थांबते, त्या दिवसांत कपडे वाळवणे, पाय पाहणे, झोप भरून काढणे ही कामे आधी करावीत. गर्दीत दर्शनाला ताटकळणे त्यानंतर.

घरी राहिलेल्यांनी रोज संध्याकाळी दूरध्वनी करावा, पण ‘बरे आहात ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. आज कपडे किती वेळा बदलले, लघवीला किती वेळा गेलात, रंग गडद होता का, पाय कोणी पाहिले, रात्रीची गोळी घेतली का, असे विचारावे. आणि उत्तर आजोबांनी दिले की फोन सोबत्याच्या हाती द्यायला सांगावे.