माव्याच्या पोटातले बिऱ्हाडकरू

मुलांनो, परवा वर्गात एकाने वालाच्या वेलाचा शेंडा आणला. शेंडाभर काळा मावा! "बाई, हा दिवसभर नुसता रस पितो. मग वाढतो कसा?"

प्रश्न मोठा छान होता, बरं का! झाडाच्या रसात साखर भरपूर असते. पण अंग वाढायला प्रथिने लागतात आणि ती तयार करायला अमिनो आम्ले. त्यांतली बरीचशी या रसात फारच थोडी असतात. रोज नुसतं साखरपाणी पिऊन तुम्ही वाढाल का? नाही ना?

मग माव्याचं कसं भागतं? त्याच्या पोटात काही खास पेशी असतात. तिथे बिऱ्हाड करून राहतात बुखनेरा नावाचे जिवाणू. जिवाणू म्हटले की तुम्हाला आजारच आठवतो. पण हे मात्र उपकारी! पॉल बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने कीटकांच्या अशा सोबत्यांचा खूप अभ्यास केला. त्यांच्यावरून १९९१ मध्ये हे नाव ठेवले गेले. मावा या जिवाणूंना घर देतो, खाऊ देतो. ते त्याला कमी पडणारी अमिनो आम्ले करून देतात. पिल्लू आईच्या पोटात असतानाच ते आईकडून त्याच्यात जातात. पृथ्वीवर डायनोसॉर होते, तेव्हापासून हे चालू आहे!

पण या सोयीची किंमतही पडली. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी वाटाण्यावरच्या माव्यातील बुखनेराची सगळी जनुके वाचली. ती निघाली ६०० पेक्षाही कमी! त्याच्याच नात्यातल्या, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायची असतात ४,००० हून जास्त. घर आयते, खाणे आयते. मग न लागणारी जनुके पिढ्यान्‌पिढ्या बिघडत, गळत गेली. आता बुखनेरा बाहेर एकटा जगू शकत नाही. आणि मावा? शास्त्रज्ञांनी औषध देऊन त्याच्यातले बुखनेरा मारून पाहिले. मावा खुरटला, त्याला पिल्ले होईनात. फार उष्णता बुखनेराला सोसत नाही. ते मेले, की माव्याचेही हाल!

हे ऐकून तो मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे बाई, त्यांना आता भांडून वेगळं होताच येणार नाही!"

अगदी बरोबर. आता तुम्हीही भिंग घेऊन वालाचा शेंडा पाहा. मावा दिसेल. बिऱ्हाडकरू मात्र दिसणार नाहीत हं. त्यांना पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो!