कन्सोलवर कोण बसणार?

घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोत उभा असतो तेव्हा बऱ्याचदा समोर एका रुग्णालयाची जाहिरात असते. चकचकीत पांढरे यांत्रिक हात, खाली 'रोबोटिक शस्त्रक्रिया'. माणूस कुठेच नाही.

गेल्या वर्षी बाबांच्या प्रोस्टेटसाठी आम्ही उपनगरातल्या एका रुग्णालयात गेलो. तिथल्या काउन्सेलर मॅडमनी मशीनची माहिती दिली, खोल्यांचे दर दिले, ईएमआयही समजावला. मी विचारलं, "डॉक्टरांनी या मशीनवर किती सराव केलाय?" "सर, मशीन लेटेस्ट आहे." पुन्हा विचारलं. "सर खूप सीनियर आहेत." बाबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे नवा मुलगा आला की त्याला थेट प्रॉडक्शनला हात लावू देत नाहीत. आधी स्वतःच्या लॅपटॉपवर, मग टेस्टिंगला, मग दुसरं कोणीतरी त्याचा कोड वाचणार. एवढा सोपस्कार कशासाठी, तर कोणाचा किराणा उशिरा पोचू नये म्हणून.

मुळात 'रोबोट' हा शब्दच फसवा आहे. तो स्वतःहून काही करत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो आणि बोटांनी, पायाखालच्या पेडलनी ते हात हलवतो. दिसतं झकास, मोठं आणि त्रिमितीय. पण जगभर वर्षानुवर्षं वापरात असलेल्या दा विंची यंत्रांत हाताला काही जाणवत नाही. ओढ जाणवून देणारी उपकरणं आली ती २०२४ मध्ये, दा विंची ५ बरोबर. तोवरच्या यंत्रांवर टाका किती ताणला गेलाय हे नुसतं बघून ओळखायचं. जास्त ओढलं तर धागा तुटतो, नाहीतर आतला नाजूक भाग फाटतो. वीस वर्षं पोट उघडून ऑपरेशन केलेल्या हातांनाही हे नव्यानं शिकावं लागतं. 'सर सीनियर आहेत' हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच.

यावर ठरलेलं वाक्य येतं: हात ऑपरेशन करता करताच बसतो. बसतो की! पण कोणाच्या पोटात? २००२ साली येल विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १६ शिकाऊ सर्जन, त्यातल्या निम्म्यांना आधी सिम्युलेटरवर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव दिला. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. प्रयोग छोटा, आणि रोबोटचा नव्हे, हे खरं. पण या गोष्टीला वीसहून जास्त वर्षं झाली. वैमानिकाला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसून परीक्षा द्यावी लागते, तेव्हा कोणी म्हणत नाही की विमान चालवता चालवताच येतं.

सिम्युलेटरचे गोडवे गायचे नाहीत मला. तो मोजता येतं तेच मोजतो: वेळ, हातांची अनावश्यक हालचाल, अवजारांची टक्कर. आकडा वाढवायचा म्हटला की माणूस आकड्यासाठीच खेळतो, हे आम्हा इंजिनियरांना कोणी शिकवायला नको. कुठे कापायचं नाही, हे तो शिकवत नाही. ते टेबलाशी, सरांच्या शेजारी उभं राहूनच येणार. पण पेडल कुठलं दाबायचं हे बेशुद्ध माणसावर शिकायची काय गरज?

माझी मावसबहीण सर्जरीला दुसऱ्या वर्षाला आहे. बुटांचं खोकं, वर टेकवलेला मोबाइलचा कॅमेरा, आत केळ्याची साल. यावर ती टाके घालते. त्यांच्याकडे सिम्युलेटर आहे, पण तो कन्सोललाच जोडावा लागतो. म्हणजे ऑपरेशन चालू असेल तर सराव बंद. मशीन मोकळं होतं रात्री, आणि रात्री रेसिडेंट वॉर्डात. "दादा, मशीनची आणि माझी ड्यूटी एकाच वेळी सुटतच नाही," ती म्हणाली.

मग यंत्रावर बसायचं प्रमाणपत्र बहुतेकदा कोण देतं? यंत्र विकणारी कंपनी. त्यांचं प्रशिक्षण वाईट असेलच असं नाही. पण ज्याला यंत्र खपवायचंय त्यानंच चालकाचं लायसन्सही द्यायचं, हे आपण रिक्षाबाबतसुद्धा चालवून घेत नाही.

स्वतंत्र, कन्सोलशिवाय चालणारे सिम्युलेटर मिळतात, रोबोटच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात. ते कूपरसारख्या पालिकेच्या रुग्णालयातही हवेत. 'गरिबांच्या दवाखान्यात कशाला ही चैन' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की तिथं शिकलेली मुलंच उद्या अंधेरी-मुलुंडच्या खासगी कन्सोलवर बसणार आहेत. सरावाचे तास ड्यूटीत धरायला हवेत, परीक्षा कंपनीबाहेरच्या माणसानं घ्यायला हवी, आणि तो निकाल रुग्णानं मागितला तर खोल्यांच्या दरपत्रकाइतक्याच सहज मिळायला हवा.

बाबांचं ऑपरेशन शेवटी दुसरीकडे झालं. तिथल्या डॉक्टरांना तोच प्रश्न या वेळी बाबांनीच विचारला, जरा चाचरत. त्यांनी आकडा सांगितला, पहिल्या किती केसेसना शेजारी कोण बसलं होतं तेही सांगितलं.

बहिणीचा कन्सोलवरचा नंबर या रविवारी रात्री साडेदहाचा आहे. वॉर्डातून सुटली तर.