यंदाची सहल पायी काढावी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की सहलीचा विषय निघतो. मुलांचे मत विचारावे तर उत्तर ठरलेले असते : वॉटर पार्क. पालकांनाही ते सोयीचे वाटते. बस शाळेच्या दारातून निघते, मुले दिवसभर पाण्यात खेळतात, येताना बसमध्ये झोपतात. या करमणुकीला माझा विरोध नाही. पण ती आईवडिलांबरोबर कोणत्याही रविवारी होऊ शकते, त्यासाठी शाळेने परवानग्या काढण्याची गरज नाही. म्हणून यावर्षी इयत्ता सातवी ते नववीची सहल पायी काढावी, असे माझे मत आहे. मार्गही सुचवतो : नवसारी जिल्ह्यातील मटवाड-कराडीपासून दांडीच्या समुद्रापर्यंत. अंतर सुमारे पाच किलोमीटर. चढ नाही, उतार नाही. आजी-आजोबाही सावकाश चालू शकतील.

"सर, दांडी आम्ही पाहिली आहे," असे कित्येक पालक म्हणतील. पाहिली आहे हे खरे. गाडी थेट स्मारकाच्या फाटकाशी थांबली, फोटो निघाले, किनाऱ्यावर मक्याचे कणीस खाल्ले आणि अंधार पडायच्या आत सुरतेला परत. त्या पाच किलोमीटरांत काय होते हे विचारले तर सांगता येणार नाही, कारण गाडीतून ते दहा मिनिटांत मागे पडते. माझ्या मते दांडी समजते ती त्या पाच किलोमीटरांत.

आपल्या पुस्तकात चित्र आहे : गांधीजी वाकून मूठभर मीठ उचलत आहेत. पाचवीतल्या एका मुलाने एकदा विचारले होते, "समुद्राच्या पाण्यात मीठ विरघळलेले असते, मग ते उचलले कसे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. ते मीठ लाटांतून आलेले नव्हते. दांडी गाव पूर्णा नदीच्या मुखाच्या जवळ, सपाट खारट जमिनीवर वसले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे पाणी खाड्यांतून आत शिरते, खोलगट जागी साचते, ओहोटीला सगळे परत जात नाही. उन्हाने ते आटले की चिखलावर पांढरा थर उरतो. ते नैसर्गिक मीठ. सरकारने त्यावरही कर व मक्तेदारी लादली होती, आणि ६ एप्रिल १९३० रोजी सकाळी गांधीजींनी उचलले ते असेच चिखलमिश्रित मीठ. ही जमीन पायाखाली घेतल्याशिवाय तो धडा मुलांना अर्धाच कळतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून ७८ साथीदारांसह निघालेली ही यात्रा २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोहोचली. १ एप्रिलला मुक्काम सुरतेत होता. दुसऱ्या दिवशी यात्रा कुठून गेली, तर दिंडोलीतून! पुढे वांझ, धामण, नवसारी, विजलपोर, कराडी-मटवाड. ज्या दिंडोलीत आज खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि जिथून आपली कितीतरी मुले रोज शाळेत येतात, ते तेव्हा शेतांनी वेढलेले खेडे होते. यात्रेत भजने म्हणणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आपल्याच महाराष्ट्राचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आणि सर्वांत लहान साथीदार अवघा सोळा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दहावी-अकरावीच्या मुलाएवढा. तो मुलगा २४ दिवस चालला. आपण पाच किलोमीटर म्हणतो आहोत, तरी एका पालकांनी "मुले दमतील हो" असे सांगितलेच.

आता वाटेत काय दिसेल ते सांगतो. नवसारीपर्यंत चिकू, आंबा, ऊस. जमीन काळी व गोड. समुद्राकडे वळले की झाडे विरळ होऊ लागतात. विहिरीचे पाणी मचूळ लागते. उसाची जागा वेडी बाभूळ घेते, शेताऐवजी बांध घातलेली कोळंबीची तळी दिसतात. या भागात पूर्वी ताडी देणारी शिंदीची झाडे पुष्कळ होती, आणि सत्याग्रहाच्या त्या दिवसांत दारूबंदीसाठी ती तोडण्याची मोहीमही इथेच निघाली. मग खाडी येते, आणि खाडीच्या कडेला तिवर.

तिवराजवळ मुलांनी निदान अर्धा तास थांबावे असा माझा आग्रह राहील. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोके म्हणजे त्याची मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. खारे पाणी पिऊन जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर खारट लागते. बी झाडावर असतानाच आतून रुजू लागते, म्हणजे चिखलात पडताच पाय रोवता यावेत. विज्ञानाच्या तासाला हे शिकवायला दोन तास लागतात आणि परीक्षेनंतर विसरले जाते. ओहोटीच्या चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात, मासा असून जमिनीवर चालणारा! हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले चिखलपायी पक्षी लांब चोचींनी किडे शोधत असतात. नावे नाही आली तरी चालेल, चोचींची लांबी पाहिली तरी पुरे.

शब्दांचेही तसेच आहे. मराठीत भरती-ओहोटी, गुजरातीत भरती-ओट, हिंदीत ज्वार-भाटा. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'ज्वार-भाटा' मी पाठ केला होता तेव्हा समुद्र पाहिलेलाही नव्हता. आपली मुले तिन्ही भाषा बोलतात, सुरतेसारख्या बंदराच्या शहरात राहतात, ज्या तापीच्या काठी त्यांच्या आजोबांची गावे आहेत तिच्याच मुखाशी वाढतात, आणि तरी आज भरती किती वाजता हे त्यांना सांगता येत नाही. कोकणातले कोळी तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. पण तो कोकणचा आहे. आपण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहोत, इथे पाणी उशिरा पोहोचते आणि चढतेही जास्त. हा फरक किती, ते आठवीच्या मुलांनी दांडीला जाऊन घड्याळाने मोजावे. इतका चांगला गणिताचा प्रकल्प मला तरी दुसरा सुचत नाही.

विश्वस्त मंडळाच्या मनात काय आहे हे मी जाणतो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्यू पावल्या. त्यानंतर कोणताही मुख्याध्यापक पाण्याजवळच्या सहलीवर सही करताना थांबतोच. मीही थांबतो. पण त्या दुर्घटनेने शिकवले ते असे, की मुले दुसऱ्याच्या हवाली करू नयेत. वॉटर पार्कमध्ये आपण नेमके तेच करतो. पायी चालताना मुले आपल्या शिक्षकांच्या हाताखाली असतात आणि धोका कुठे आहे हे आधी माहीत असते. इथला धोका दोन ठिकाणी आहे. खाडीचा चिखल वरून वाळलेला दिसतो पण मांडीपर्यंत पाय आत ओढतो. म्हणून रस्ता व बांध सोडून एकही पाऊल नाही. आणि सपाट किनाऱ्यावर भरती पाहता पाहता मागून वळसा घालते. म्हणून पाण्यात उतरणे नाही, घोट्यापर्यंतही नाही. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी पाल्याला पाठवू नये, मी वाईट मानणार नाही.

राहिला खर्च. तिकीट नाही, त्यामुळे शुल्क निम्म्यावर येईल. आपल्या पालकांपैकी बरेचजण लूमवर व मार्केटमध्ये काम करतात. दरवर्षी वर्गातली काही मुले "सर, मला बस लागते" असे कारण सांगून सहलीला येत नाहीत. कारण काय असते ते वर्गशिक्षकांना ठाऊक असते. माझ्या दृष्टीने एवढा एक मुद्दा असता तरी हा मार्ग निवडला असता.

कराडीला गांधीजी जिथे झोपडीत राहत होते आणि ४ मेच्या मध्यरात्रीनंतर जिथे त्यांना अटक झाली, ती जागा आधी पाहावी व तिथून चालायला सुरुवात करावी. दांडीचे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झाले. तिथे ८० सत्याग्रहींचे पुतळे आहेत. ते शेवटी. ज्या मुलांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी एक वाहन सोबत राहील. रविवार टाळावा, रस्त्यावर गाड्यांची गर्दी असते. डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी बरा. तारीख ठरवताना सकाळी ओहोटी असलेला दिवस लागेल, तो बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून ठरवू. ज्यांच्या घरी पंचांग आहे त्या मुलांनी जानेवारीतील प्रत्येक कामकाजाच्या दिवसाची तिथी लिहून वर्गशिक्षकांकडे शनिवारपर्यंत द्यावी.