लंगोट कोण धुते?

आपल्या स्मरणिकेत हृदयरोग, मधुमेह, सांधेदुखी अशा भारदस्त विषयांना मानाचे पान मिळते. त्यांच्या पंक्तीला बाळाचा लंगोट आणून बसवावा की नाही, याविषयी मी बराच काळ संकोचात होतो. एका घटनेने तो संकोच दूर केला. त्या घटनेत चूक माझीच असल्यामुळे ती सांगण्याचा अधिकारही मला आहे, असे मी समजतो.

येथे इंदुरातच, आपल्या ओळखीतल्या एका घरी पहिला नातू झाला. आजींनी विचारले, "डॉक्टर, बाजारचे डायपर आणू की आपली जुनी दुपटी वापरू?" मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "आजी, जुन्या सुती लुगड्याइतके मऊ काही नाही. माळ्यावरचा बाळंतविडा काढा." आजी सुखावल्या. आठव्या दिवशी तेच बाळ पिवळे पडून, दूध सोडून, माझ्यासमोर आले. गुंडाळलेले दुपटे उलगडताच डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास आला. बाळाच्या तांबड्या पेशी फुटत होत्या. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता तपासणीत आढळली. रक्त बदलावे लागले. बाळ सुदैवाने सुखरूप घरी गेले. पण आजींच्या चेहऱ्यावरील अपराधी भाव मी विसरू शकलो नाही. अपराध त्यांचा नव्हता. कापड वापरा म्हणून सांगणारा मी, ते कापड कशात ठेवले होते आणि वापरण्यापूर्वी धुतले का, एवढे विचारायला विसरलो होतो.

हे ज्ञान नवे नव्हते. नॅप्थलीनच्या वासामुळे नवजात बाळांच्या पेशी फुटून कावीळ झाल्याची एकवीस उदाहरणे ग्रीसमधील डॉक्टरांनी १९६३ साली प्रसिद्ध केली होती. त्यांतील अनेक बाळांत हीच विकराची कमतरता होती. स्वच्छतेच्या अतिरेकाचेही असेच आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९६७ साली एका प्रसूतिगृहातील धुलाईच्या अखेरच्या पाण्यात पेंटाक्लोरोफिनॉलयुक्त द्रव्य वापरले गेले. ते लंगोटांतून व चादरींतून बाळांच्या त्वचेत शोषले गेले. नऊ बाळे गंभीर आजारी झाली, दोन दगावली. हेतू जंतू मारण्याचाच होता.

म्हणूनच 'कापड चांगले की डायपर' हा आपल्या बैठकांतून रंगणारा वाद मला अपुरा वाटतो. आधुनिक डायपर ओल शोषून त्वचा कोरडी ठेवतो, हे मान्य केले पाहिजे. कापड स्वस्त आहे, पुन्हा वापरता येते, हेही खरे. पण कापडाचा गुण कापडात थोडा आणि धुण्यात फार असतो. मूत्रातील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, त्वचेची आम्लता घटते आणि मग मलातील विकर त्या त्वचेलाच पोखरू लागतात. साबणाचा अंश राहिलेला, नीट न वाळलेला लंगोट या दाहात भर घालतो. आपण मात्र पुरळ पाहतो, मलम लिहितो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो.

धुण्याचे शास्त्र अवघड नाही. मल प्रथम शौचालयात टाकावा आणि लंगोट थंड पाण्यात खळबळून घ्यावा. सुरुवातीलाच कढत पाणी ओतल्यास डाग पक्का बसतो. मळके लंगोट रात्रभर भिजत ठेवू नयेत. रांगते भावंड घरात असेल, तर पाण्याने भरलेली बादली जिवावर बेतू शकते. साबण बेताचाच घ्यावा आणि पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत दोनतीनदा खळबळावे. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाची साय कापडावर बसते आणि लंगोट पापडासारखा कडक होतो; तेथे खळबळणे अधिक हवे. कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्ये टाळावीत. त्यांनी शोषणशक्ती घटते. जंतुनाशक द्रवाचे झाकण रोज पाण्यात ओतण्याची गरज नाही. गच्चीवरचे कडक ऊन पुरेसे आहे. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवावी. आणि बाळाच्या कपड्यांच्या पेटीत डांबराची गोळी कधीही नसावी.

आता खर्चाचा आणि कचऱ्याचा प्रश्न. आपल्या शहराने २०१७ पासून सलग सात वेळा देशात स्वच्छतेचा पहिला क्रमांक पटकावला. कचरागाडीत डायपरसाठी वेगळा कप्पा आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु कप्पा वेगळा झाला म्हणून त्यातील प्लॅस्टिक विरघळत नाही. दुसरीकडे, कापड म्हणजे आपोआप पुण्य, असेही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली अडीच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा एका बाळामागे डायपरचा कार्बनभार सुमारे ५५० किलो आणि कापडाचा ५७० किलो निघाला. मात्र यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरतो. या तिन्ही गोष्टी आपल्या आज्यांना कोणी शिकवाव्या लागल्या नव्हत्या.

पण त्या आज्यांचे गुणगान करताना एक प्रश्न आपण सोयीस्करपणे टाळतो: हे सारे धुवायचे कोणी? पूर्वी घरात चार बायका होत्या, किंवा मोलकरणीच्या हाती बादली देऊन आपण मोकळे होत होतो. आज टाके ओले असलेली, रात्रभर जागलेली आई एकटी आहे. तिला 'कापडच वापरा' असे सांगणे म्हणजे उपदेशाचे पुण्य आपण घेणे आणि श्रम तिच्या माथी मारणे होय. रात्री एक डायपर लावणाऱ्या आईला दोष देणारा डॉक्टर मला मान्य नाही. माझ्या दवाखान्यात आता मी बाळाच्या वडिलांकडे पाहून विचारतो, "लंगोट कोण धुते?" बहुतेक जण हसतात. काही खाली पाहतात. क्वचित एखादा ताठ मानेने "मी" म्हणतो, तेव्हा त्या बाळाच्या त्वचेची मला फारशी चिंता राहत नाही.

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे. प्रसूतिगृहातून घरी जाताना आपण जो कागद देतो, त्यावर लसींच्या तारखांखाली चार ओळी धुण्याच्या असाव्यात, मराठीत आणि हिंदीतही. पहिल्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर दुपट्याचा वासही घ्यावा. आणि कागद समजावून सांगताना तो आईच्या नव्हे, बाबांच्या हाती द्यावा. औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विचारलेला एक घरगुती प्रश्न रक्त बदलण्याची वेळ टाळू शकतो, हे मी फार उशिरा शिकलो. आपण ते आजच शिकावे.